एका कारखान्याच्या दोन मोटारी

मोटारीचें मोल तिच्या नवेपणावरून ठरतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाचा निवाडा मात्र निराळा पडतो. शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या दोन मोटारी शेजारीं ठेवून पाहिल्या, म्हणजे याची प्रतीति येते. एक कुर्ल्याची पद्मिनी. दुसरी कल्याणच्या कारखान्यांत जुळविलेली प्यूजो 309. जुन्या मोटारींचे शोकीन आज दोहोंकडेही कौतुकानें पाहतात; परंतु दोघींचें भाग्य सारखें नव्हे.

पद्मिनीचें मूळ इटलींतील फियाट 1100 हें होय. 1964 सालीं ती ‘डिलाइट’ या नांवानें कुर्ल्यास तयार होऊं लागली. पुढें ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊं लागली. यंत्र 1089 घनसेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, आणि बळ मागच्या चाकांना. बॉनेट उघडलें कीं प्रत्येक भागापर्यंत मेस्त्रीचा हात पोहोंचे. भागही हळूहळू इथेंच घडूं लागले. त्यामुळें कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत ती दुरुस्त करणारीं माणसें पिढीजात तयार झालीं. इटलीनें हें रूप 1966 सालीं टाकलें. आपल्याकडे तें शतक संपेपर्यंत टिकलें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर दिसलें.

या दीर्घायुष्यांत गुण किती आणि निरुपाय किती, हा प्रश्न न विचारतां पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. परवान्यांच्या त्या राज्यांत मोटारी बनविणारे मोजकेच होते, आणि गिऱ्हाइकाला नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली, तेव्हां पद्मिनीचें एकछत्र संपलें.

1991 नंतर परदेशी भांडवलास दार उघडलें, आणि प्रीमियरनें फ्रान्सच्या प्यूजोशीं भागीदारी केली. 309 ही पुढच्या चाकांना बळ देणारी, मागें उघडणारें दार असलेली, डिझेलवर कमी खर्चांत धांवणारी गाडी; गुणांनीं पद्मिनीहून सर्वथैव सरस. तथापि तीही युरोपांत 1985 सालीं अवतरलेली होती, आणि फ्रान्समध्यें 1993 सालीं तिची जागा 306 नें घेतली होती. इकडे ती बाहेरून आलेल्या भागांतून जुळविली जाई. त्यांतच कामगारांशीं कलह विकोपास गेला, पैसे भरलेल्या अनेकांच्या हातीं गाडी पडेना, आणि बाजारांत नवे स्पर्धक उभे राहिले. अवघ्या तीन-चार वर्षांत भागीदारी मोडली. ज्या कामगारांनीं या गाडीवर आपल्या संसाराची उभारणी केली होती, त्यांचे दिवस तिच्याबरोबरच फिरले.

दोन्ही मोटारी परक्याच्या सांच्यांतल्या. पण एक इथल्या मेस्त्रीच्या हातांत रुजली, दुसरी खोक्यांतून आली आणि मुळें धरण्यापूर्वींच सुकली. म्हणून पद्मिनीचा सुटा भाग जुन्या बाजारांत आजही शोधतां येतो. 309 च्या धन्यास मात्र त्यासाठीं वणवण करावी लागते. डोंबिवलीकडील ‘प्रीमियर मैदान’ हें नांव तेवढें लोकांच्या तोंडीं उरलें आहे. यंत्र विकत आणतां येतें. तें जाणणारे हात मात्र ज्याच्या त्या देशांतच घडवावे लागतात.