खंडीभर

नवरात्रात ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवातल्या देवीचं दर्शन घेऊन आलेला माणूस घरी सांगतो, ‘खंडीभर माणसं होती!’ कितीतरी, असंख्य, एवढाच त्याचा अर्थ. पण खंडी हे एके काळी पक्कं माप होतं.

वीस मण म्हणजे एक खंडी. गोव्यात आणि कोकणात भात मोजताना वीस कुडवांची खंडी होत असे. शेळ्यामेंढ्या मोजतानाही वीस जनावरांची एक खंडी. माप बदललं, तरी वीस कायम राहिले. इंग्रज व्यापाऱ्यांनीही हा शब्द उचलला आणि ‘कँडी’ म्हणून आपल्या वह्यांत लिहिला.

पैशाला पासरी, पायलीचे पन्नास हेही त्याच बाजारातून आलेले. पासरी म्हणजे पाच शेर, पायली म्हणजे चार शेर. इंग्लंडातही असंच झालं. तिथे बोलताना पुष्कळ या अर्थी ‘लोड्स’ म्हणतात, म्हणजे मुळात ओझी. ‘हीप्स’ म्हणतात, म्हणजे आपले ढीग. डोळ्यांना दिसलेलं, खांद्याने वाहिलेलं माणूस विपुलतेसाठी वापरतो.

1958 पासून देशात दशमान मापं येऊ लागली आणि मण, शेर दुकानांतून गेले. बोलण्यातून मात्र गेले नाहीत. आज मुलं ‘जाम’ आणि ‘लई’ म्हणतात, तेही आपलेच शब्द. पण त्यांना खंडीचा हिशेब एकदा जरूर सांगा. शब्दातलं माप कळलं, की त्यातलं शेतही दिसतं.