यमूला वाट कोठें होती?

गेल्या सत्रांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी वर्गांत चालूं असतां एका विद्यार्थिनीनें मध्येंच विचारलें, “सर, यमू त्या घरांतून निघून कां जात नाहीं?” मीं त्या काळच्या रूढींविषयीं चार शब्द सांगितले आणि तास संपला. परंतु घरीं आल्यावर तें उत्तर मला स्वतःलाच अपुरें वाटूं लागलें.

हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत येऊं लागली व १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तींत रडें फार आहे, असा आक्षेप आजहि ऐकूं येतो. मला तो पटत नाहीं. विधवेचें दुःख मराठी कादंबरीला नवें नव्हतें. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चा तर १८५७ सालीं तोच विषय होता. (दोन्ही नायिकांच्या नांवांतील साम्य गमतीचें खरें.) पण तेथें आपण दुःखें पाहत पाहत प्रवास करतों, येथें यमू स्वतः सांगते. बापाच्या कडक स्वभावापुढें दबून असलेली आई तिनें लहानपणीं पाहिलेली असते. त्या वयांत तिला त्याचा अर्थ कळत नाहीं, भीति मात्र कळते. आणि मुलीला लागलेली ती संवय पुढें सुनेच्या अंगीं टिकते. मैत्रीण दुर्गीचे हाल तिच्या डोळ्यांदेखत होतात. नवऱ्याबरोबर मुंबईस गेल्यावर तिला मोकळा श्वास मिळतो. परंतु तो जातांच ती पुन्हा त्याच वडीलधाऱ्यांच्या हातीं सांपडते, आणि बळानें केशवपन होतें. मुंबईचे दिवस म्हणजे सुटका नव्हती. ती नवऱ्याच्या आयुष्याएवढीच मुदतीची रजा होती.

आतां कायदा पाहूं. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्यानें मुभा मिळाली होती. पण पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क सोडावा लागे. राहण्यास घर म्हणावें, तर पंडिता रमाबाईंनीं १८८९ त मुंबईस काढलेलें शारदासदन १८९० त पुण्यास आलें, म्हणजे ज्या वर्षीं यमूची कहाणी छापूं लागली त्याच वर्षीं! दार अशा रीतीनें उघडें होतें. परंतु १८९३ त धर्मांतराचा गवगवा झाला आणि पुष्कळ मुली तेथून काढून नेण्यांत आल्या. हेंच कादंबरीच्या ग्रंथरूपाचें वर्ष. कर्व्यांचा अनाथबालिकाश्रम यावयास १८९६ उजाडलें. माझ्या विद्यार्थिनीला द्यावयाचें अर्धें उत्तर या तारखांत आहे.

दुसरें अर्धें आमच्या बुलढाण्यांत सांपडतें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस १८८१ त बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती काळ्यापाण्यावर आली व मग आणखी कमी झाली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीची निंदा सुरू झाली, ती वाचून ताराबाई शिंदे संतापल्या. वडील बापूजी हरि शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरींत नोकरीस व सत्यशोधक समाजाचे सभासद; त्यांनीं मुलीस शिकविलें होतें. ताराबाईंचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ सालीं पुण्यास छापला गेला: प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. त्यांत त्यांनीं विधवेवर रूढि लादणाऱ्यांचा तर समाचार घेतलाच, शिवाय ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्यांतील स्त्रियांनाहि हटकलें. हें मला महत्त्वाचें वाटतें. बायकांना बांधून ठेवण्यांत घराच्या भिंतीइतकाच त्यांच्याविषयीं सांगितलेल्या गोष्टींचाहि हात आहे, हें या बाईंनीं हरिभाऊंच्या आठ वर्षें आधीं ओळखलें. जिला आपण वाईटच असें जन्मभर ऐकविलें, ती उघड्या दारांतूनहि बाहेर पडत नाहीं. यमूच्या मनाचें कोडें मला तरी येथेंच उलगडतें.

हरिभाऊंनीं हा ग्रंथ वाचला होता कीं काय याच्याशीं माझें प्रयोजन नाहीं. एकानें प्रश्न केला व दुसऱ्यानें कथा सांगितली, एवढें जुळतें. मात्र दोघांच्या नशिबांत अंतर पडलें. कादंबरी घरोघर गेली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ची बाजू जोतीराव फुल्यांनीं १८८५ त ‘सत्सारां’त उचलून धरली, पुढें मात्र ती जवळजवळ विस्मृतींत गेली, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं ती पुन्हा छापून आणली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक नाहीं.

पुढच्या तासाला मीं वर्गांत कादंबरी बाजूस ठेवून हा निबंधच नेला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनें तो घरीं वाचावयास मागितला. अद्याप परत आलेला नाहीं.