आत्मपठणार्थ व परोपकारार्थ

मराठीचे व्याकरण शिकवताना मी दोन वाक्प्रचार वर्षानुवर्षे शिकवले. एक ‘हरताळ फासणे’ आणि दुसरा ‘बासनात गुंडाळून ठेवणे’. मुले अर्थ पाठ करीत, वाक्यात उपयोग करीत आणि मोकळी होत. पण हरताळ कसा दिसतो आणि बासन म्हणजे काय, हे दाखवायची सोय वर्गात नव्हती. गेल्या वर्षी या दोन्ही वस्तू एकदमच हाती आल्या, आणि त्याही आमच्याच माहेरच्या घरातून.

वाईजवळच्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत पावसात खचली. दुरुस्तीआधी माळा रिकामा करताना धाकट्या भावाला एक लाकडी पेटी सापडली. मोडी मी निवृत्तीनंतर हौसेने शिकले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे “ताई, यात काहीतरी मोडी दिसते आहे, तूच बघ” म्हणून त्याने पेटी माझ्याकडे आणून ठेवली.

आत विटलेल्या तांबड्या कापडात बांधलेले एक गाठोडे होते. हेच ते बासन. त्यात दोन लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये आडव्या आकाराची सुटी पाने, साडेचारशेच्या आसपास. कडेला वेखंडाचे तुकडे आणि सापाच्या कातीचा चुरा. कसर लागू नये म्हणून जुने लोक हे ठेवत. उपाय बराचसा लागू पडला म्हणायचा, कारण कडा कुरतडल्या असल्या तरी मजकूर जवळजवळ सगळा शाबूत आहे.

पोथी श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’ची आहे. श्रीधरांनी हा ग्रंथ शके १६२४ म्हणजे इ. स. १७०२ मध्ये पंढरपुरात पूर्ण केला. अध्याय छत्तीस, ओव्या आठ हजारांच्या वर. छापील ‘हरिविजय’ आजही सहज विकत मिळतो, तेव्हा ग्रंथ म्हणून यात दुर्मिळ असे काही नाही. दुर्मिळ आहे ते शेवटचे पान. तिथे लिहिणाऱ्याने आपले व वडिलांचे नाव, गाव आणि काळ दिला आहे: शके १७६७, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध द्वादशी. हे गृहस्थ माझ्या आजोबांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा.

इतिहास शिकवलेल्या माणसाला तारीख दिसली की ती तपासल्याशिवाय चैन पडत नाही. शकात बारा मिळवून साठाने भागायचे आणि बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजायचा, असा नियम आहे. १७६७ अधिक १२ म्हणजे १७७९. साठाने भागून बाकी उरते ३९, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसूच. हिशेब चोख जुळला. शकात ७८ मिळवले की इ. स. १८४५, आणि कार्तिक म्हणजे नोव्हेंबर महिना. गंमत अशी, की शके १९४७ म्हणजे २०२५-२६ हे वर्षही विश्वावसूच होते. साठ वर्षांचे चक्र बरोबर तीनदा फिरून पोथी उजेडात आली.

आता १८४५ या सालाकडे जरा बघा. मराठीत छापील पुस्तके निघू लागून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ सालचे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगतात. आणि १८४५ या सालीच बाळशास्त्री जांभेकरांनी ‘ज्ञानेश्वरी’ शिळाप्रेसवर छापून काढली. म्हणजे मुंबईत ‘ज्ञानेश्वरी’ छापून निघाली त्या वर्षी आमचे खापरपणजोबा वाईजवळच्या खेड्यात बोरू घेऊन ‘हरिविजय’ उतरवत होते. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज होते. तीनच वर्षांनी, १८४८ साली ते वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. एक युग संपत होते, दुसरे सुरू होत होते, आणि हे आपले खाली मान घालून लिहीत होते.

लिहिणे सोपे नव्हते. दिव्याचे काजळ डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास खलून शाई करायची. कागदाला खळ लावून तो गोट्याने घोटून गुळगुळीत करायचा, नाहीतर शाई फुटते. बोरूचे टोक तिरपे कापायचे आणि झिजले की पुन्हा कापायचे. आमच्या पोथीत अध्यायाची समाप्ती आणि ओव्यांचे आकडे हिंगुळाच्या तांबड्या शाईत आहेत. आणि चूक झाली की हरताळ! हे पिवळे खनिज कागदाच्या रंगाशी बरेच मिळते. चुकलेल्या ओळीवर त्याचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर वरून लिहायचे. नवव्या अध्यायात एका ठिकाणी दीड ओळ अशी पिवळी आहे. उजेडात तिरकी धरली तर खालची अक्षरे दिसतात. आधीचीच ओवी दुसऱ्यांदा लिहिली गेली होती. नजर वरच्या ओळीवर घसरली असणार. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीची ती डुलकी मला फार जवळची वाटली. (हरताळात सोमल असतो. जुन्या पोथ्या हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, हे जाता जाता.)

शेवटच्या पानाच्या पाठीवर मोडीत टिपण आहे. खापरपणजोबा गावचे कुलकर्णी. दिवसभर मोडीत जमाबंदी लिहायची आणि रात्री बाळबोधीत पोथी. हिशेब मात्र त्यांनी हाताच्या सवयीने मोडीतच लिहिला. जुन्नरी कागद दस्ते पाच, हिंगूळ, हरताळ. आरंभ आषाढ शुद्ध एकादशी. म्हणजे देव झोपले त्या दिवशी बोरू उचलला आणि देव उठल्यावर दुसऱ्या दिवशी खाली ठेवला. पूर्ण चातुर्मास! रोज सरासरी साठ-सत्तर ओव्या पडतात.

त्या खाली आणखी दोन ओळी आहेत. त्या वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ‘भाद्रपदी ज्वर आला, सबब अध्याय एकविसावा व बाविसावा बंधूंनी लिहिला.’

मी लगेच ती पाने काढली. तोवर लक्षात आले नव्हते, पण अक्षर खरोखरच वेगळे आहे. थोरल्यांचे अक्षर बारीक आणि ताठ, धाकट्यांचे जरा मोठे आणि गोल. पहिल्या पानावर ओळी खाली उतरतात, चौथ्या-पाचव्या पानापासून सरळ होतात. पंचवीस पाने, आठवड्याभराचे काम. तेविसावा अध्याय पुन्हा थोरल्यांच्या हातचा.

आता नात्यातल्या मंडळींना मी काय म्हणते ते कळले असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगते. हे दोन भाऊ म्हणजेच आमची थोरली पाती आणि धाकटी पाती. पुढे वतनाच्या वाटणीवरून दोन्ही घरांत वाद झाला, तो कोर्टात गेला, आणि येणे-जाणे बंद झाले. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनेच रद्द झाली. वतन गेले, भांडण मात्र राहिले. एका गावात राहून आम्ही मुले एकमेकांच्या मुंजी-लग्नांना गेलो नाही. का, ते विचारायची पद्धत नव्हती. घरात धाकट्या पातीचा विषय निघाला की मोठी माणसे त्यावर, शब्दशः, हरताळ फाशीत.

पोथीचे काय करायचे, यावर सध्या आमच्याकडे चर्चा चालू आहे. दादा म्हणतो, देवघरात ठेवून पूजा करू. एक पुतण्या म्हणतो, जीर्ण झाली आहे, कृष्णेत विसर्जन करू. भाची म्हणते, प्रत्येकाने एकेक पान काचेच्या चौकटीत लावू, आठवण राहील. तिघांच्याही मनात आदरच आहे, हे मी जाणते. पण कुंकवाच्या बोटांनी पाने डागाळतात आणि नदीत सोडलेली पोथी परत येत नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जी कागदपत्रे वाचवली, ती अशाच माळ्यांवरची आणि फडताळांतली होती. आणि चौकटीत लावलेले सुटे पान ही पोथी नव्हे. एकविसावा आणि बाविसावा अध्याय मधून काढले, तर कथा तिथेच तुटते.

मला तर उत्तर शेवटच्या पानावरच दिसते. नकलकारांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी लिहिले आहे, की ही पोथी ‘आत्मपठणार्थ व परोपकारार्थ’ लिहिली. शब्द ठरीव साच्यातले आहेत, मान्य. पण साच्यातला शब्दही लिहिणाऱ्याला बांधतो. आत्मपठण त्यांनी केले, पानांच्या मळलेल्या कडाच ते सांगतात. परोपकार आपल्याकडे राहिला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. आधी सर्व पानांची नीट छायाचित्रे काढून घ्यावीत, ती दोन्ही पात्यांच्या घरोघरी जावीत. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. मग मूळ पोथी पुण्याला द्यावी. तिथे १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ सालची भांडारकर संस्था आहे. केंद्र सरकारनेही २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर केले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हा त्याचा हेतू आहे. त्या कोटीत आपले एक गाठोडे असायला काय हरकत आहे?

मात्र देणारे म्हणून पत्रावर दोन्ही पात्यांच्या सह्या हव्यात. मी माहेरवाशीण, माझ्या सहीला वतनाच्या कागदात कधी जागा नव्हती. पण मोडी वाचता येणारी सध्या मीच आहे, तेवढ्या अधिकाराने सांगते. धाकट्या पातीच्या सर्वात वडीलधाऱ्या काकांना मी गेल्या आठवड्यात पत्र लिहिले आहे. सोबत बाविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या पानाची छायाप्रत जोडली आहे. “हे आपल्या पणजोबांचे अक्षर” एवढेच त्यावर लिहिले. उत्तराची वाट पाहते आहे.