क्रम मागावा लागतो

सलमा, सादिक आणि सुरैया. मराठी हजेरीपटावर ही तिन्ही नावं 'स'खाली शेजारी येतात. उर्दू हजेरीपटावर मात्र सुरैया 'से'मध्ये, बरीच आधी येते. सलमा 'सीन'मध्ये, तर सादिक 'स्वाद'मध्ये. मुलं तीच, क्रम वेगळा. मग खरा क्रम कोणता?

हा प्रश्न जुना आहे. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी 'किताबुल ऐन' हा अरबी शब्दकोश आखला. त्यांनी अलिफपासून सुरुवात केली नाही. घशाच्या तळातून निघणारा 'ऐन' त्यांनी पहिला घेतला, ओठांवरची अक्षरं शेवटाकडे ठेवली. दहाव्या शतकात अल-जौहरींनी 'सिहाह'मध्ये शब्दाच्या धातूचं शेवटचं अक्षर आधी पाहिलं. शब्द तेच होते. क्रम माणसानं ठरवला होता.

संगणकात हे उमगायला वेळ लागला. १९६०च्या दशकात नोंदी ज्या क्रमानं साठवल्या जात, त्याच क्रमावर अनेक प्रोग्राम विसंबून असत. साठवण बदलली की प्रोग्राम बिघडे. जून १९७० मध्ये आयबीएममधील ब्रिटिश गणितज्ञ एडगर कॉड यांनी आपल्या निबंधात या दुखण्यावर बोट ठेवलं. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते समान खुणेनं जोडा आणि ओळींच्या क्रमात अर्थ दडवू नका, असं त्यांचं म्हणणं. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच विचारावर 'सीक्वेल' ही भाषा मांडली. तीच पुढे 'एसक्यूएल' झाली. तिच्यात क्रम हवा असेल तर 'ऑर्डर बाय' लिहून मागावा लागतो. न मागता मिळालेला क्रम उद्या बदलू शकतो.

मागतानाही नीट मागावं लागतं, हे मी यादी करताना शिकलो. एका तक्त्यात विद्यार्थी आणि इयत्तेचा कोड, दुसऱ्यात इयत्तांची नावं. दोन्ही जोडून इयत्तेच्या नावानं क्रम मागितला, तर '१०वी' वर आणि '५वी' खाली! यंत्रानं पहिलं चिन्ह पाहिलं, एक पाचाच्या आधी. मग इयत्तांच्या तक्त्यात आकड्याचा वेगळा रकाना केला. आधी त्या रकान्यानं, मग विद्यार्थ्याच्या नावानं क्रम मागितला, तेव्हा यादी जुळली.

उर्दू यादीत आणखी एक पेच निघाला. 'परवीन' थेट 'वहीदा'च्याही मागे गेली. अरबीत 'पे' नाही. युनिकोडमध्ये अरबीची मूळ अक्षरं आधी आहेत, 'पे', 'चे', 'गाफ' नंतर. त्यामुळे निव्वळ कोडच्या क्रमानं लावलं की उर्दूची अक्षरं मागे पडतात. यंत्राला 'हा क्रम उर्दूचा' असं वेगळं सांगावं लागतं.

परवीनला रांगेत मागे कुणी मुद्दाम ढकललं नव्हतं. तिची जागा कुठली, हे यंत्राला सांगायचं राहून गेलं होतं. ते सांगणं आपलं काम आहे.