शब्दकोशांतून काढलेला स्वभाव

मनुष्याचा स्वभाव मोजतां येईल काय, हा प्रश्न १८८४ सालीं इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन यांनीं मांडला, तेव्हां त्यांनीं शोधासाठीं हातीं धरला तो रॉजेट यांचा शब्दकोश. त्यांतील कांहीं पानें नमुन्यादाखल तपासून स्वभाववाचक शब्द निदान एक हजार असावेत, असा अदमास त्यांनीं बांधला. पुढील अभ्यासकांनीं या खटाटोपामागची समजूत स्पष्ट केली: माणसामाणसांतील जो भेद नित्याच्या व्यवहारांत महत्त्वाचा ठरतो, त्याला लोक आपण होऊन नांव देतात. मराठी माणूस एखाद्याला ‘आतल्या गांठीचा’ म्हणतो, तेव्हां तोहि हेंच करीत असतो.

हार्वर्ड विद्यापीठांतील गॉर्डन ऑलपोर्ट यांनीं हेन्री ओडबर्ट यांच्यासह हा धागा उचलला. वेबस्टरच्या कोशांतील सुमारें चार लाख शब्द चाळून त्यांनीं १९३६ सालीं १७,९५३ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. काम वरवर कारकुनी दिसलें, तरी त्यांतील विवेक कारकुनाचा नव्हे. ‘रागीट’ हा शब्द स्थायी गुण सांगतो. ‘रागावलेला’ हा घटकाभराची अवस्था सांगतो. आणि ‘नालायक’ हा तर ऐकून घेणाऱ्यापेक्षां बोलणाऱ्याचेंच मत अधिक सांगतो! अशी चाळणी लावल्यावर स्थायी गुणांच्या रकान्यांत ४,५०४ शब्द राहिले.

जन्मानें इंग्रज असलेले रेमंड कॅटेल यांनीं तेच शब्द पुढें १७१ व मग ३५ गटांवर आणले. १९४९ सालीं त्यांची सोळा घटकांची प्रश्नावली निघाली. त्याच वर्षीं डोनाल्ड फिस्क यांना मात्र पांचच घटक आढळले. १९६१ सालीं अमेरिकन विमानदलासाठीं काम करणाऱ्या ट्यूप्स व क्रिस्टल यांनाहि पांचच दिसले. पण त्यांचा अहवाल खात्याबाहेर फारसा कोणी वाचला नाहीं.

इतकें झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच: असा स्थायी गुण खरोखर असतो काय? हार्टशोर्न व मे यांनीं १९२८ सालीं हजारों शाळकरी मुलांना फसवणुकीची संधि देऊन पाहिलें, तेव्हां एका कसोटींत चोख राहिलेलें मूल दुसरींत लबाडी करतांना आढळलें. त्या मुलास प्रामाणिक म्हणावें कीं अप्रामाणिक? हाच आक्षेप वॉल्टर मिशेल यांनीं १९६८ सालीं धार लावून मांडला. प्रश्नावलीवरून ठरविलेला गुण व प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध ०.३० च्या पुढें क्वचितच जातो, असें त्यांनीं दाखविलें. शाळेंत शिक्का बसलेल्या मुलाच्या दृष्टीनें हा कांहीं केवळ पंडितांचा वाद नव्हता.

उत्तर १९७९ सालीं सीमूर एप्स्टाईन यांनीं दिलें. एका दिवसाच्या वागण्यावरून दुसऱ्या दिवसाचें भाकीत फारसें साधत नाहीं. अनेक दिवसांची सरासरी घेतली म्हणजे स्थैर्य स्पष्ट दिसूं लागतें. अनेक कसोट्या एकत्र केल्या असतां निष्कर्ष अधिक भरंवशाचा होतो, हें हार्टशोर्न व मे यांच्याच आंकड्यांत होतें. त्यांचा दाखला देणाऱ्या पुष्कळांनीं तें पान उलटलें नसावें.