आयगॉट कर्मयोगी: लेखा शाखेचं ट्रेनिंग मोबाईलवर

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली. आयगॉट कर्मयोगी हे त्याचंच ॲप. सरकारी कर्मचाऱ्यांना त्यावर ऑनलाइन कोर्स करता येतात.

तुम्ही लेखा शाखेत नवीन असाल, तर नियमही उघडून बघा. केंद्रात सामान्य वित्तीय नियम २०१७. महाराष्ट्रात मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि महाराष्ट्र कोषागार नियम १९६८. (भाषा जड आहे, पण इलाज नाही.)

कारण सॉफ्टवेअर रकाने भरलेत का, तरतूद शिल्लक आहे का, एवढं तपासतं. बिल खरं आहे का, हे त्याला कळत नाही. ते बघायचं आहरण व संवितरण अधिकाऱ्याने. साहेबांनी पासवर्ड क्लार्ककडे देऊन ठेवला आणि खोटं बिल गेलं, तरी लॉगमध्ये नाव साहेबांचंच येतं.