बटाटा, यीस्ट आणि कमलाबाई

मी बोलतोय छत्रपती संभाजीनगरातून. आपलं शहर लोकांना अजिंठा-वेरूळमुळे माहीत, पण बिअरचे मोठमोठे कारखानेही इथल्याच एमआयडीसीत आहेत. तिथला खरा कामगार कोण? यीस्ट. एका पेशीची साधी बुरशी. सुरुवातीला वाढायला त्याला ऑक्सिजन देतात, मग तो संपतो. तरी यीस्ट मरत नाही. साखर अर्धवट मोडतं, थोडी ऊर्जा घेतं आणि अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरच्या लक्षात आलं, की हवा मिळाली तर हेच यीस्ट कमी साखरेत जास्त वाढतं.

का? हिशोब बघा. एटीपी म्हणजे पेशीच्या खिशातली चिल्लर. ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनशिवाय एटीपीचे फक्त २ रेणू हाती लागतात. ऑक्सिजन असेल तर ३०च्या आसपास!

एवढा फरक येतो कुठून? साखरेतले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात, आणि त्या वाटेवर एटीपी तयार करायची ऊर्जा सुटते. या साखळीतलं एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. ते वनस्पतींमध्येही असतं, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना शोधलं कमला भागवत यांनी. म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी. आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण!

पण तिथवर पोचणं सोपं नव्हतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. नकार आला. कारण एकच, अर्जदार बाई होती. कमलाबाई थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हटल्याच नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर प्रोबेशनवर, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये या अटीवर. (लक्ष त्यांचं आणि अट हिला! मला इथं दरवेळी राग येतो.)

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा.

पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. आणि गंमत बघा, नीरा सकाळी लवकर प्यायची असते. उन्हं चढली की त्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि नीरेची ताडी होते.